पलीकडच्या टोकाला

“आणि पलीकडच्या टोकाला कोण बसणार, मॅडम?” असं आदिनाथने विचारलं, तेव्हा महानंदा माहितीपत्रकातल्या काळ्या डब्याच्या मागची भोकं निरखत होती. ती उत्तर देणार तोच विश्वेश्वर हातातल्या पावतीवरची नजर न हलवता म्हणाला, “ह्याच बसतील. सिरसाळ्याला.” आणि ती पावती तारेला टोचून त्याने दुसरी उचलली. रस्त्यावरून थर्मल वीजकेंद्राच्या राखेचा ट्रक गेला, काउंटरची काच थरथरली आणि थांबली. महानंदाने मान वर केली नाही. आपण काही ऐकलंच नाही असं तिने क्षणभर स्वतःलाच भासवून पाहिलं, पण कागदावर टेकलेला अंगठा गार पडला होता आणि तो काही तिचं ऐकत नव्हता. सिरसाळ्याला गुमास्ता बसणार होता. सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या जुन्या दुकानात बारावी झालेला एक पोरगा होता, त्याला चार दिवस शिकवलं की झालं, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं. सगळी योजनाच तिची. परळीच्या या खतं-बियाणं-औषधांच्या एजन्सीत कॉम्प्युटर आणले ते तिने, चार कॉम्प्युटर एका केबलीने एकमेकांना जोडून घेतले ते तिने, आणि आता सिरसाळ्याच्या दुकानातून टेलिफोन लावला की तिथल्या पडद्यावर इथला साठा, इथली बिलं उघडतील असं काहीतरी घ्यायचं, हेही तिनेच काढलेलं. औरंगाबादच्या दुकानदाराला तिनेच फोन केले, म्हणून हा आदिनाथ नावाचा पोरसवदा इंजिनियर बॅग घेऊन समोर बसला होता. नवरा एवढंच म्हणाला होता, तुला काय पाहिजे ते तू निवड. तेव्हा तिला बरं वाटलं होतं, इतकं बरं की त्या दिवशी तिने त्याच्यासाठी पुरण घातलं होतं.

‘ह्याच’ हा शब्द तिला जास्त झोंबला. बाहेरच्या माणसांसमोर विश्वेश्वर तिच्याविषयी अहोजाहो बोलायचा आणि तिला त्याचा थोडा तोराच होता. आता त्याच अहोजाहोने त्याने तिला उचलून एका गावातून दुसऱ्या गावात ठेवलं होतं, एक पावती तारेला टोचायला लागतो तेवढ्या वेळात. आणि मग एकेक गोष्ट तिच्यासमोर येऊन बसायला लागली, बोलावलेल्या पाहुण्यांसारखी. दिवाळीनंतर सिरसाळ्याच्या घरात नवी फरशी बसवली होती, आप्पा एकटे राहतात, त्यांना कशाला फरशी? तिथं स्वयंपाक करणाऱ्या दगडाबाईला काढून टाकलं. का म्हणून विचारलं तर विश्वेश्वर म्हणाला, म्हातारी साखर चोरायची. दगडाबाई इतकी वर्षं साखर चोरत होती आणि आप्पा इतकी वर्षं ते हसून सांगत होते. मुलीला, शिवकन्येला, जूनमध्ये लातूरला होस्टेलला ठेवलं, तेव्हा पोरीच्या शिक्षणासाठी बापाने एवढी धावपळ केली म्हणून महानंदा माहेरी कौतुक सांगत फिरली होती. म्हणजे पोरगीही वाटेतून बाजूला केली होती आणि तिने त्याचं कौतुक केलं होतं. घरात सगळ्यांना माहीत असणार. धाकटी जाऊ रुचिका गेले काही दिवस तिला जेवायला वाढताना भाकरीवर तूप जरा सैल हाताने सोडत होती. तेव्हा महानंदाला वाटलं होतं, पोरगी सुधारली. आता त्या तुपाची चव तिच्या तोंडात आली.

कारणही तिला ठाऊक होतं, शोधावं लागलं नाही. दिवाळीच्या आधी औरंगाबादच्या हॉटेलात एका औषध कंपनीने डीलर लोकांना जेवण दिलं होतं. कंपनीच्या साहेबाने विश्वेश्वरचा हात हातात घेतला आणि शेजारच्याला ओळख करून दिली, “हे आपल्या परळीच्या महानंदा मॅडमचे मिस्टर.” सगळे हसले, विश्वेश्वरही हसला. त्याच्या हातात आइस्क्रीमची वाटी होती, तो ते आइस्क्रीम खात राहिला, वाटी रिकामी झाल्यावरही चमचा खरवडत राहिला, आणि तिने ते पाहिलं होतं. तेव्हाच तिने काहीतरी बोलायला हवं होतं, निदान साहेबाला म्हणायला हवं होतं की मी ह्यांची मिसेस. पण तिला मजा वाटली होती. खरं तर सुख झालं होतं, दाबून धरावं लागलं एवढं. घरी आल्यावर तिने ही गोष्ट रुचिकाला सांगितली, साहेबाचा आवाज काढून, दोनदा. पलीकडच्या खोलीत विश्वेश्वर कपडे बदलत होता. त्यानंतर कंपनीचा कुणी माणूस काउंटरवर येऊन “मॅडम आहेत का?” म्हणाला की विश्वेश्वर म्हणायचा, “हायेत की. मी बी हाय.” ती ते विनोद म्हणून घेत होती. एवढं हिशेबी डोकं, आणि हा हिशेब तिला दिसला नाही. आपण नवऱ्याला मूर्ख समजत होतो, हे तिला आत्ता या खुर्चीवर बसून समजलं, आणि त्याहून वाईट म्हणजे अजूनही तसंच वाटत होतं.

आदिनाथ बोलत होता. डब्याचे गुण सांगत होता, आणि तो सांगत होता ते सगळं खरं होतं. तिला ते त्याच्या आधी पाठ होतं. हा डबा नुसता भिंतीजवळ ठेवायचा, एक वायर टेलिफोनला, एक आपल्या केबलीला. बाहेरून फोन आला की तो स्वतः उचलतो, नाव विचारतो, पासवर्ड विचारतो, मग फोन ठेवून देतो आणि आपल्याकडे नोंदलेल्या नंबरला उलटा फोन लावतो, म्हणजे भलत्याच माणसाला आत शिरता येत नाही. हे विश्वेश्वरला समजावताना ती म्हणाली होती, आप्पा करतात तसं. आप्पा कधी स्वतःच्या खर्चाने बोलत नसत. सिरसाळ्याहून एक रिंग द्यायची, ठेवून द्यायचा, आणि परळीने उलटा फोन लावायचा. घरातली सगळी कामं, लग्नं, मयती त्या एका रिंगेवर झाल्या होत्या. विश्वेश्वर तेव्हा मनापासून हसला होता. डब्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे लाइट जाऊन आली की तो आपला आपण उठतो. परळीत वीज तयार होते म्हणून परळीची लाइट जात नसेल, असं फक्त बाहेरगावच्यांना वाटतं. दुसरी गोष्ट होती मोडेम. तळहाताएवढा, स्वस्त, कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या मागे लावायचा. कामाला चांगला, पण लाइट गेली की कॉम्प्युटर बंद, आली की कुणीतरी जाऊन तो चालू करायचा, आणि मधेच केव्हाही मोडेम अडकून बसायचा, मग त्यालाही बंद करून चालू करायचं. म्हणजे डबा घेतला तर इथं कुणी बसायला नको. मोडेम घेतला तर इथं, परळीत, त्याच्या उशाशी कुणीतरी कळणारं माणूस पाहिजेच. हे वाक्य तिच्या डोक्यात पूर्ण झालं तेव्हा अंगठ्याला पुन्हा ऊब आली. ती सकाळपासून डबा घ्या, डबाच घ्या म्हणून बसली होती. स्वतःला सिरसाळ्याला पाठवायचं यंत्र तिने अगदी चोखंदळपणे निवडलं होतं. पण अजून पैसे दिले नव्हते.

तिला या ऑफिसचा वास आवडत असे. कुणालाच आवडत नसे तो, औषधांच्या डब्यांचा उग्र वास, डोळ्यांत चढणारा, साडीतून धुऊनही न जाणारा. राखेचा एक बारीक थर रोज सकाळी कीबोर्डवर यायचा आणि ती तो ओल्या फडक्याने पुसायची; तेवढा वेळ तिला कुणी बोललेलं चालत नसे. सिरसाळ्याच्या दुकानात गुळाचा आणि बारदानाचा वास यायचा, आप्पा पहाटे उठून लिंगपूजा करायचे, मग दिवसभर गादीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मुलांची नावं आणि वयं विचारायचे. तिथं तिला कोण मॅडम म्हणणार होतं? तिथं ती विश्वेश्वरची बायको होती, आणि आता आप्पांची भाकरी. तिने माहितीपत्रक मिटलं आणि आदिनाथकडे पाहिलं. सकाळपासून ती त्याला ‘तुम्ही’ म्हणत होती.

“किती ठिकाणी लावलास रे तू हा डबा?”

आदिनाथ अडखळला. “दोन ठिकाणी, मॅडम. म्हणजे कंपनीच्या लोकांनी लावलेत, औरंगाबादला.”

“तू काय केलंस?”

“मी बरोबर होतो.”

“म्हणजे डबा उचलायला.”

विश्वेश्वरला हसू आलं. त्याने पहिल्यांदाच पावत्या बाजूला ठेवल्या आणि खुर्ची वळवली. त्याला असलं काही पाहायला आवडायचं, हे तिला माहीत होतं. “कुठला मूळचा तू?” तिने विचारलं.

“कड्याचा. आष्टी तालुका.”

“कड्याला साखर कारखाना सोडून दुसरं काही मशीन बघितलंस का कधी?”

पोराचे कान लाल झाले. बोटांची नखं त्याने सकाळीच कापलेली दिसत होती, शर्टाची घडी नवी होती; बहुतेक आईने सांगितलं असेल मोठ्या गिऱ्हाइकाकडे जातोयस म्हणून. महानंदाने हे सगळं पाहिलं आणि तिला त्याची कीव आली नाही, उलट जीभ आणखी सैल झाली. त्याने एकदा धडपड केली. “मॅडम, पण फोनवर आपलं बोलणं झालं तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, लाइट जाते म्हणून डबाच...”

“मी विचारलं होतं. म्हणाले नव्हते. गिऱ्हाइकाने विचारलेलं आणि म्हटलेलं ह्यातला फरक कळत नाही, आणि हे आमचं ऑफिस जोडणार.”

तो बरोबर होता, तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने मान खाली घातली नाही, तिच्याकडे पाहत राहिला, आणि तिनेच नजर काढून नवऱ्याकडे वळवली. आता ती घरातल्या बोलीत बोलायला लागली, मऊ आवाजात. “हे बघा, डबा बिघडला तर मुंबईला धाडावा लागतो. महिना महिना येत न्हाई. मोडेम बिघडला तर लातूरला मिळतो. जुनं मशीन आपलं पडूनच हाय. काम तेच होतंय. अडकलं की बंद करून चालू केलं, झालं. एकच हाय,” आणि इथं ती जरा थांबली, पेनचं टोपण लावलं, “त्याच्याजवळ कळणारं माणूस पायजे. कायम. नाहीतर सिरसाळ्याला बसलेल्याचा काही उपयोग न्हाई.”

विश्वेश्वरने मान हलवली. त्याला पटलं होतं. स्वस्त म्हटलं की त्याला पटायला वेळ लागत नसे. आता तो म्हणेल, मग तुलाच इथं राहावं लागंल, आणि ती तोंड वाकडं करील, आप्पांचं कसं व्हायचं म्हणून विचारील, दोन-चार वेळा नाही म्हणेल. हे सगळं तिने मनात बोलूनही टाकलं.

“मग बेस झालं,” विश्वेश्वर म्हणाला. “मोडेमच घिऊ. माणूस हाय की घरात. रुचिका.”

महानंदा हसली. खरंच तिला हसू आलं. “तिला काय येतंय?”

“कावून? तूच शिकवलंस की. परवा तू वैजनाथाला गेलतीस, तवा मशीन अडकलतं. तिनं बंद केलं, चालू केलं. माझ्यासमोर.”

“तेवढ्यानं होत नसतंय.”

“आत्ता तर म्हनलीस, बंद करून चालू केलं, झालं.”

रुचिका दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिराची, राजेश्वरची बायको होऊन आली, तेव्हा तिला शिकायचं होतं. दुपारी भांडी आवरून ती ऑफिसात यायची, महानंदाच्या शेजारी स्टूल ओढून बसायची, हात पदराला पुसून. पडद्याकडे असं पाहायची की महानंदाला ते पाहणं नकोसं व्हायचं. पोरगी हुशार होती, एकदा पाहिलं की विसरत नसे, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं आणि त्याच आठवड्यात महानंदाने ठरवलं. ती काही करत असली आणि रुचिका वाकली की ती पडदा बदलायची. पासवर्ड घालताना म्हणायची, जरा पाणी आण गं. आणि अगदीच काही शिकवलं नाही असं व्हायला नको म्हणून तिने एक गोष्ट दिली. “अडकलं तर बंद कर, दहा आकडे मोज, चालू कर.” रुचिकाने विचारलं होतं, “पण अक्का, अडकतं कावून?” तेव्हा महानंदा म्हणाली होती, “ते तुला काय करायचंय?” आणि रुचिकाने पुन्हा कधी विचारलं नाही, नुसती येऊन बसत राहिली. महानंदाला वाटलं होतं आपण पोरीच्या हातात खुळखुळा दिला. आता चार कॉम्प्युटरांचं, दोन गावांचं, तिच्या सगळ्या उमेदीचं राज्य त्या एका खुळखुळ्यावर चालणार होतं, कारण ज्या यंत्राला तेवढंच लागतं ते यंत्र तिने आत्ता, भांडून, निवडलं होतं.

“मग डबाच घेऊ,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. डबा असता तर निदान सिरसाळ्याला बसून कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागलं नसतं, यंत्राने यंत्राला फोन केला असता. “विचार केला तर तोच बरा. लाइटचं लई होतंय आपल्याकडं.”

विश्वेश्वरने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पावतीवरची बेरीज बरोबर निघाल्यावर तो जसा पाहायचा तसा तो पाहत होता. मग तो आदिनाथकडे वळला. “काय हो इंजिनियर? तुमी सांगा. सकाळपासून तुमी डबा डबा करताय.”

महानंदानेही आदिनाथकडे पाहिलं. आयुष्यात तिने कुणाकडे असं पाहिलं नव्हतं, आणि त्याला ते दिसलं. डबा विकला गेला तर त्याचा फायदा होता, औरंगाबादला त्याची पाठ थोपटली गेली असती. त्याने माहितीपत्रकं गोळा केली, कडा जुळवल्या, बॅगेची चेन हळूच ओढली. “मॅडमनी आधी सांगितलं तेच बरोबर आहे, सर,” तो म्हणाला. “मोडेमच घ्या. मॅडमना ह्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.” आणि तिच्याकडे पाहून अगदी नम्रपणे त्याने हात जोडले. बाहेर रुचिका चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती क्षणभर दारातच थांबली, मग आत येऊन तिने आधी अक्कांपुढे कप धरला.

मोडेम चांगला निघाला. म्हणजे दिवसातून दोन-तीनदा अडकायचा, पण तेवढं चालायचंच. कापसावर फवारणीचे दिवस आले तेव्हा महानंदा सिरसाळ्याच्या मागच्या खोलीत, नव्या फरशीवर टेबल टाकून बसलेली असे. खोलीला खिडकी होती, तिच्यातून सरकीच्या पोत्यांची थप्पी दिसायची. फरशी पायाला गार लागायची आणि साडीला आता गुळाचा वास येत असे. सकाळी आप्पांची भाकरी, मग कॉम्प्युटर, मग टेलिफोनमधली ती शिट्टी आणि खरखर, आणि ती थांबली की परळी उघडायची, स्वतःच्या हाताने लावलेल्या नावांची, स्वतःच्या हाताने आखलेली. मग मधेच सगळं थिजायचं. पडद्यावर आकडे असायचे पण ते हलायचे नाहीत. त्या दिवशी दुपारीही तसंच झालं. बाहेर दुकानात दोन शेतकरी बिलासाठी खोळंबले होते आणि गादीवरून आप्पा त्यांना विचारत होते, पोरं किती, काय करतात. तिने लाइन तोडली आणि परळीच्या काउंटरचा नंबर फिरवला.

“अक्का, अडकलं का?” रुचिकाने आवाज ऐकायच्या आधीच विचारलं.

“हो. तो मोडेम जरा बंद करून...”

“म्हायती हाय की. थांबा हं, कुणीतरी आलंय. त्येंचं बघून करते.”

रिसीव्हर काउंटरच्या काचेवर ठेवल्याचा आवाज झाला. महानंदाने फोन कानाशी धरून ठेवला. राखेचा ट्रक जात असावा, काच थरथरली आणि थांबली, तिला ते कानात स्पष्ट ऐकू आलं. मग खुर्ची सरकली आणि एका पुरुषाचा आवाज आला. तो तिने लगेच ओळखला, कंपनीचाच साहेब होता, औरंगाबादच्या जेवणातला. “मॅडम आहेत का?” त्याने विचारलं.

“आहे,” महानंदा म्हणाली. सिरसाळ्याच्या त्या मागच्या खोलीत, मोठ्याने, खुर्चीतून अर्धवट उठत.

“बोला की, साहेब. बसा,” परळीत रुचिका म्हणाली.

आप्पांनी बाहेरून हाक दिली, “कुणाशी बोलतीस गं? बिल चढतंय. एक रिंग द्यायची अन् ठिवून द्यायचा, तुला किती डाव सांगायचं?” शेतकऱ्यांपैकी एकाने दारातून आत डोकावून पाहिलं. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला, पदर सारखा केला आणि परळीहून फोन यायची वाट पाहत बसली.